आधी समोरच्याची बाजू

भाईंशी भांडायचं म्हणजे आधी त्यांच्याकडून आपली स्वतःची बाजू समजून घ्यायची, असा आमच्या ऑफिसात रिवाजच पडून गेला होता. आपण तावातावाने काही म्हणायला जावं आणि भाईंनी हात वर करावा. "थांब. तुला जे म्हणायचंय ते तू नीट म्हणत नाहीयेस. मी सांगतो." मग ते आपलंच म्हणणं अशा काही डौलात मांडायचे की आपल्याला स्वतःबद्दल आदर वाटू लागायचा. त्यानंतर ते चहाचा एक सावकाश घोट घ्यायचे, कप खाली ठेवायचे, आणि मग त्या म्हणण्याच्या चिंध्या करायला घ्यायचे.

भाई आठवले की मला आधी राग येतो, माया नंतर. राग बऱ्याच जणांचा आहे आणि त्यात भाईंनाही त्यांचा वाटा आहे. तो मी सोडणार नाही.

आमचं ऑफिस दम्मामला होतं आणि काम रास तनुराच्या बाजूला. तेलाच्या पाइपांना आतून किती गंज चढलाय, भिंत किती झिजलीये, जोड धड आहेत की नाहीत, हे तपासणारी आमची कंपनी. भाई तिथले सगळ्यांत जुने इन्स्पेक्शन इंजिनियर. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं, अलिबागच्या खाली. कोकणी मुसलमान, नमाजाचे पक्के, आणि कोळंबीचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येणारे. मी त्यांच्याहून बराच धाकटा आणि नाशिकचा, म्हणून त्यांनी माझं नाव 'नाशिककर' करून टाकलं होतं. माझं खरं नाव त्यांना आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

तर या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर एम. ए. करायला घेतलं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम होता. तास इंटरनेटवर, निबंध ईमेलने. इथवर ठीक आहे. आमच्यात लोक या वयात एमबीए करतात, ज्योतिषाचा डिप्लोमासुद्धा करतात. भाईंनी विषय निवडला यहुदी धर्मशास्त्र. आणि तो शिकायला जागा निवडली सौदी अरेबिया.

बरं, गुपचूप करावं! ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे खरं, पण काही भांडी लपवायचीच असतात. भाईंना ते जमायचंच नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि समोर जो बसला असेल त्याला विचारायचं, "समज, देवाने एक नियम केला. आता तो नियम देवालाही लागू होतो का?" समोरचा मल्याळी सुपरवायझर बिचारा रोटीचा घास हातात धरून बघत राहायचा.

एकदा मी घाबरून विचारलं, "भाई, हे इथे चालतं का?"

"इथल्या विद्यापीठांतसुद्धा यहुदी धर्म शिकवतात," ते म्हणाले. "खंडन करायला शिकवतात, पण शिकवतात. मीही कदाचित खंडनच करीन. पण ज्याचं खंडन करायचं ते आधी कळायला नको?"

सौद्यांपैकी कुणी त्यांना कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. बोलले ते आपलेच, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक जाते. मराठी मंडळींच्या एका जेवणावळीत पुण्याच्या एका गृहस्थांनी चारचौघांत डोळे मिचकावून विचारलं, "काय भाई, आता सुंता परत करून घ्यावी लागणार म्हणे?" लोक हसले. ती दोन्ही धर्मांत असते एवढंही ज्यांना ठाऊक नव्हतं ते जास्तच हसले. माझ्या हातातली आमटीची वाटी मी त्यांच्या अंगावर ओतायचीच बाकी होती. भाई मात्र गंभीर झाले आणि म्हणाले, "तुम्हाला विचारायचं असं आहे, की ज्या दोन धर्मांत इतकं सारखं आहे, त्यांच्यात भांडण कशाचं? फार चांगला प्रश्न आहे." आणि त्या गृहस्थांना कोपऱ्यात घेऊन ते इतका वेळ उत्तर देत बसले की श्रीखंड संपलं.

त्यांच्या जमातीतले लोक हसले नाहीत, पण दूर सरकले. रत्नागिरीकडचे एक दुकानदार त्यांना बाजूला घेऊन कळवळून म्हणाले, "भाई, दुसरा कायपन शिका. कंप्युटर शिका. ह्या नको." भाईंनी त्यांनाही त्यांची बाजू समजावून सांगितली. तुम्हाला माझी काळजी वाटते, माझ्यामुळे सगळ्यांवर बालंट येईल अशी भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. दुकानदारांना वाटलं, पटलं ह्यांना. ते समाधानाने गेले. भाई घरी येऊन हिब्रूचा धडा उघडून बसले.

भाभी म्हणायच्या, "ह्यांना भांडता येतच नाही. हे फक्त दुसऱ्याचं वकीलपत्र घेतात." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचा पुरावा कतीफच्या मासळीबाजारात मिळायचा. साइटवरून परतताना भाई तिथे हटकून गाडी थांबवायचे. मासेवाला भाव सांगायचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडावं, ही जगाची रीत. भाई अरबीत सुरू व्हायचे, "तुझं बरोबर आहे. कालपासून वारा आहे, बोटी फार आत गेल्या नसणार, बर्फही महाग झालाय." मासेवाल्याचे डोळे चमकायचे. भाई आपला मुद्दा काढेपर्यंत त्याने भाव वाढवलेला असायचा. मी बाजूला उभा राहून कपाळावर हात मारून घ्यायचो.

त्याच बाजारात, कोळंबीच्या ढिगासमोर, मी त्यांना पहिल्यांदा विचारलं की हे यहुद्यांचं खूळ आलं कुठून. एरवी कुणी विचारलं की ते उलट प्रश्न करायचे. त्या दिवशी सरळ बोलले.

त्यांच्या गावात पूर्वी आपले मराठी यहुदी राहायचे. शनवार तेली म्हणायचे लोक त्यांना; घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. भाईंच्या आजोबांच्या शेजारचाच घाणा होता, आणि त्या म्हाताऱ्या तेल्याचं न् आजोबांचं रोज संध्याकाळी ओट्यावर भांडण चाले. विषय कोळंबी. ज्या माशाला खवलं नाहीत तो तेली खायचा नाही. आजोबा म्हणायचे, समुद्रातलं सगळं देवाने दिलंय. तेली म्हणायचा, दिलंय म्हणून सगळं तोंडात घालायचं का? वर्षानुवर्षं हे चाललं. मग तेल्याची मुलंबाळं इस्रायलला निघाली आणि म्हाताऱ्यालाही घेऊन गेली.

"मग आजोबा एकटेच बसायला लागले," भाई म्हणाले. "आणि आम्ही पोरं ऐकायचो, ते एकटेच बोलतायत. स्वतःचं तर बोलायचेच, पण आधी त्या तेल्याचं बोलायचे. त्याच्या आवाजात. मी विचारलं, बाबाजान, तो गेला ना, आता त्याचं कशाला बोलता? म्हणाले, तो गेला म्हणूनच. तो होता तेव्हा त्याचं तो बोलत होता."

भाईंनी किलोभर कोळंबी घेतली, अर्थातच चढ्या भावाने.

त्यांच्या अभ्यासात एक रीत अशी होती, की जुने वादाचे ग्रंथ एकट्याने वाचायचे नाहीत. जोडीने वाचायचे, आणि जोडीदाराचं काम मान डोलावण्याचं नव्हे, विरोध करण्याचं. विद्यापीठाने भाईंना जो जोडीदार दिला होता तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होता. हे जागे असायचे तेव्हा तो झोपलेला. मग दम्माम ते रास तनुरा या रोजच्या रस्त्यावर शेजारच्या सीटवर बांधून घातलेला माणूस कोण? मी. माझी पात्रता एवढीच, की मला या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि माझं डोकं लवकर तापायचं.

"शेजाऱ्याच्या झाडाची फांदी माझ्या विहिरीवर आली," भाई स्टिअरिंगवरचा एक हात सोडून सांगायचे. "मी ती तोडू शकतो का?"

"तोडा की. विहीर तुमची."

"असं नाही. आधी शेजाऱ्याचं बोल."

"मला शेजाऱ्याशी काय देणंघेणं?"

"म्हणूनच त्याचं आधी बोल!"

एका सकाळी मी वैतागून म्हणालो, "भाई, हे तुमचं नवीन काही नाही. आमच्याकडेही शास्त्रार्थात हेच असतं. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि तेही त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं चांगलं. मग आपला उत्तरपक्ष." भाईंनी कचकन ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाहेर वाळू उडत होती, शेजारून टँकर जात होते, आणि हा माणूस माझ्याकडे वळून बसला. "पुन्हा सांग," म्हणाला. शाळेत संस्कृतच्या मास्तरांनी सांगितलेलं जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगितलं. तेवढ्यात पोलिसांची गाडी मागे येऊन थांबली. शिपाई खिडकीशी आला. गाडी बिघडली का? नाही. तब्येत बिघडली का? नाही. मग? भाई अरबीत म्हणाले, "हा मला शिकवतोय." शिपायाने माझ्याकडे नीट पाहिलं, मी काही शिकवत असेन यावर त्याचा विश्वास बसला नसावा. "यल्ला, यल्ला," म्हणून त्याने आम्हाला हाकललं. भाई त्या दिवशी साइटवर पोचेपर्यंत 'पूर्वपक्ष, पूर्वपक्ष' असं पुटपुटत होते.

यहुदी गुरूंचीही म्हणे गाण्यासारखी घराणी होती. दोन मोठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडली, आणि शेवटी ज्या घराण्याचं मत मान्य झालं ते का झालं, तर ते नेहमी आधी समोरच्या घराण्याचं मत सांगायचे आणि मग आपलं. आणि हरलेल्यांचं मत पुसून टाकलं नाही, तेही लिहून ठेवलं. भाईंचा प्रबंध यावरच होता: जो पक्ष हरला त्याचं मत जपायचं कशासाठी? मी म्हणायचो, "पगारवाढ नाकारल्यावर आपलं मत कोण जपतं?" भाई हसायचे, पण तेही टिपून घ्यायचे.

आता कुणी म्हणेल, हा माणूस कामाचा नसणार. अहो, उलट! भाईंनी एखादा जोड नापास केला की कंत्राटदाराची हिंमत नव्हती तोंड उघडायची. कारण त्यांच्या रिपोर्टात आधी कंत्राटदाराची बाजू असायची. मशीन नवं होतं, रीडिंग घेताना पाइप तापलेला होता, मागच्या वेळी असाच जोड पास झाला होता. जे जे त्याला सुचलं असतं आणि जे त्याला जन्मात सुचलं नसतं, ते सगळं. आणि मग एकेक करून त्याचं उत्तर. शेवटापर्यंत वाचलं की हरकत घ्यायला काही उरतच नसे. भाई शेवटापर्यंत ऐकले गेले आणि हरले, असं मी एकदाही पाहिलं नाही. फक्त शेवटापर्यंत ऐकायला हवं, एवढीच अट होती.

ती वर्षं सौदीकरणाची होती. कंपन्यांना रंग मिळायचे. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, आणि त्याखाली लाल. पिवळ्यात गेलं की परदेशी लोकांच्या व्हिशाची कामं अडायला लागायची. आमची कंपनी पिवळ्यात गेली. यात मला तक्रार नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यांचा देश, त्यांची पोरं, त्यांना नोकऱ्या नकोत? भाई तर नव्या सौदी इंजिनियरांना जीव तोडून शिकवायचे. माझी तक्रार आहे ती जागा कुणाची जाणार हे ज्या पद्धतीने ठरलं तिच्याबद्दल, आणि ते ठरवणारा सौदी नव्हता.

ठरवणारे आमचे मॅनेजर. भारतीय. मराठी. साइटवर वर्षातून एकदा हेल्मेट घालून फोटो काढायला येणारे, एरवी उंटावरून शेळ्या हाकणारे. तपासणी विभागात दोन वरिष्ठ जागा होत्या, भाईंची आणि त्यांच्याखालची माझी. त्यातली एक सौदी इंजिनियरला द्यायची होती. मॅनेजरला स्वतःच्या तोंडाने नाव घ्यायचं नव्हतं, कारण उद्या कुणी बोट दाखवलं तर? म्हणून त्यांनी युक्ती काढली. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि म्हणायचं, आपापली बाजू मांडा. कोंबड्यांची झुंज लावतात तशी. मी तोंडावर सांगितलं की हे लाजिरवाणं आहे. ते म्हणाले, "ट्रान्स्परन्सी आहे."

भाईंच्या दृष्टीने त्या बैठकीत काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. त्यांची मुलगी बारावीला होती, दम्मामच्या भारतीय शाळेत. बोर्डाची परीक्षा तीन-चार महिन्यांवर आली होती. भाईंचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गेला की बायको-मुलीचाही जाणार, फायनल एक्झिटचा शिक्का बसणार आणि सगळ्यांना निघावं लागणार. ऐन वर्षाच्या मध्यात ना इथली परीक्षा देता येणार, ना तिथे प्रवेश मिळणार. मुलीचं वर्ष बुडणार होतं. मला तर मूलबाळ तेव्हा नव्हतंच. आदल्या दिवशी भाभींनी मला दारातच धरलं. "तुम्ही सांगा त्यांना. उद्या तरी पहिल्यांदा आपलं बोला म्हणावं." आतून मुलगी ओरडली, "अब्बा, प्लीज! जस्ट दिस वन्स!" भाई म्हणाले, "हो हो. बोलणार आहे ना."

बैठकीला आम्ही दोघं, मॅनेजर, आणि एचआरचा एक सौदी तरुण, सभ्य मुलगा. भाषा इंग्रजी. भाई वरिष्ठ, म्हणून त्यांना आधी बोलायला सांगितलं. भाईंनी कागद वगैरे काही आणला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागले.

त्यांना नव्हे, मला ठेवावं, असं ते बोलायला लागले.

तो धाकटा आहे, वीस वर्षं काम करू शकतो. नवी मशिनं त्याला माझ्यापेक्षा लवकर समजतात. त्याचा पगार कमी, कंपनीचा खर्च कमी. नव्या सौदी मुलांशी त्याचं वयही जुळतं, ती त्याला न घाबरता प्रश्न विचारतात. माझ्याबद्दल बाहेर उलटसुलट बोललं जातं, खरं असो खोटं असो, क्लायंटच्या कानावर गेलं तर कंपनीला त्रास. त्याच्याबद्दल तसं काही नाही. हेसुद्धा बोलले ते! मॅनेजरच्या मनात होतं पण तोंडातून काढायची छाती नव्हती, तो मुद्दासुद्धा भाईंनी स्वतः, शुद्ध इंग्रजीत, कुणी न मागता टेबलावर आणून ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

माझी बाजू मला कधी इतकी चांगली वाटली नव्हती.

मग भाई थांबले. समोरचा चहा उचलला.

मला ठाऊक होतं आता काय येणार. ऑफिसातल्या पोऱ्यालाही ठाऊक होतं. घोट घेऊन ते कप खाली ठेवणार आणि 'परंतु' म्हणणार. मॅनेजरलाही ठाऊक होतं, त्याने भाईंचे रिपोर्ट वर्षानुवर्षं सह्या करून पुढे पाठवले होते. एचआरचा मुलगा जरा बुचकळ्यात पडला होता. त्याने मॅनेजरकडे वळून विचारलं, "यांचं झालं का?" भाईंना नाही विचारलं, मॅनेजरला विचारलं. आणि तो माणूस फाइल मिटत म्हणाला, "झालं. खलास. ते स्वतःच मान्य करतायत."

भाईंचा कप अजून ओठांना लागलेला होता.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, त्यांचं बोलणं अर्धंच झालंय. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला, मराठीत म्हणाला, "अहो, तुमच्याच बाजूने बोलले ना ते? मग तुमची काय अडचण आहे?" मी म्हणालो, मग मी त्यांची बाजू मांडतो. आणि मांडली. म्हणजे काय, ओरडलो. कुठून सुरुवात केली, कुठे गेलो, माझं मलाच कळलं नाही. मुलीची बारावी सांगितली, त्यांची वर्षं सांगितली, मॅनेजरला हेल्मेटच्या फोटोवरून काहीतरी बोललो. "इमोशनल होऊ नका," तो म्हणाला. एचआरचा मुलगा खाली मान घालून बसला होता. भाई माझ्याकडे टक लावून पाहत होते.

परतताना गाडीत भाई म्हणाले, "तू माझी बाजू फार कच्ची मांडलीस. मागच्या वर्षीच्या त्या जोडाचा मुद्दा सोडूनच दिलास. आपण तो नापास केला म्हणून केवढी आग टळली."

"तुम्ही का नाही मांडलात?" मी किंचाळलोच.

"वेळ आली नाही."

"वेळ येत नसते, भाई! वेळ घ्यायची असते! समोरचा राक्षस बसलाय आणि तुम्ही त्याच्या ताटात..."

"तुझी बाजू मांडायला त्यांनी मला जेवढा वेळ दिला," भाई म्हणाले, "तेवढा माझ्याही बाजूला देतील असं वाटलं."

एवढा शिकलेला, एवढं जग पाहिलेला माणूस! मासेवाल्यापुढे रोज हरत होते, तरी कळलं नाही, की या जगात दुसऱ्याची बाजू ऐकून घेणारे ढीगभर आहेत, आपल्या फायद्याची असेपर्यंत. मला त्यांची मान धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण ते गाडी चालवत होते.

त्यानंतर लोक जे बोलले ते ऐकून माझा संताप दुप्पट झाला. एक म्हणाला, यहुद्यांच्या नादी लागले, फळ मिळालं. दुसरा म्हणाला, नाशिककराने गोड बोलून काटा काढला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'बिचारे, सज्जन हो फार' म्हणणारे. सज्जन म्हटलं की जणू अन्यायाला पावती मिळते. मी मॅनेजरच्या वरच्यांना पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं की संबंधितांनी बैठकीत स्वतः सहमती दर्शवली होती. तो मॅनेजर अजून त्याच खुर्चीवर आहे. सुखात आहे, वजनही वाढलंय.

भाईंचं कुटुंब थंडी संपायच्या आत गेलं. विमानतळावर मुलगी कानात इयरफोन घालून वडिलांकडे पाठ करून उभी होती. तिच्या मैत्रिणी त्या आठवड्यात सराव परीक्षा देत होत्या. भाई मला तिच्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "तिचं बरोबर आहे," आणि तिची बाजू मांडायला लागले. मी त्यांना मध्येच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला ते ऐकवलं नसतं.

पुढच्या वर्षी पनवेलहून त्यांचा निरोप आला. मुलगी बारावी झाली होती, एक वर्ष उशिरा. आणि त्यांच्या एम. ए.ची तोंडी परीक्षा होती, इंटरनेटवर. पाहुण्यांना ऐकायची परवानगी होती. मी त्या दुपारी रजा टाकली.

पडद्यावर परीक्षक होते, त्यांच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई. दुसऱ्या चौकटीत भाई, इस्त्रीचा शर्ट, मागे कपाटावर ठेवलेल्या बॅगा. बाई म्हणाल्या, सुरू करा. आणि भाईंनी सुरू केलं, की हरलेल्या पक्षाचं मत जपू नये. जपण्यात काही अर्थ नाही. त्याने गोंधळ वाढतो, माणसं जुनी भांडणं उकरून काढतात, निर्णय झाला की झाला. स्वतःच्या प्रबंधाविरुद्ध असं सुंदर बोलले की न राहवून मी ओरडलो, "भाई, पुरे!" माझा माइक बंद होता.

भाईंचं बोलणं थांबलं. मी अध्यक्षबाईंच्या हातांकडे पाहत होतो, त्या कागद गोळा करतात की काय म्हणून.

बाईंनी हात मांडीवर ठेवले होते. त्या म्हणाल्या, "हे उत्तम मांडलंत. आता तुमची बाजू सांगा. आम्हाला घाई नाही."

भाई बोलेचनात. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, लाइन तुटली. मी इकडे टेबलावर मूठ आपटली, एवढी जोरात की बायको धावत आली. काय हवं होतं त्या माणसाला? एवढं एक वाक्य! ते विचारायला पदवी लागत नाही, व्हिसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आणि पगार खाणाऱ्या, इंग्रजी झोडणाऱ्या, घरी देवघर असलेल्या त्या मॅनेजरला ते विचारता आलं नाही.

भाईंच्या मागून मुलगी चौकटीत आली. तिने वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अब्बा, दे आर वेटिंग," ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, मराठीत, "बोला ना."

भाईंनी चष्मा शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि आपली बाजू मांडायला सुरुवात केली.